इंजिनासाठी स्थळ

उपवर मुलीसाठी स्थळ पाहणे हा एके काळी मराठी घरांतला मोठा उद्योग होता. त्यात जोडे किती झिजतात, हे ज्यांनी तो केला त्यांना सांगावयास नको. परंतु सत्तरीला टेकलेल्या, बिडाच्या, चार गड्यांवाचून जागचे न हलणाऱ्या मोटारीच्या इंजिनासाठी स्थळ पाहण्याचा योग फारच थोड्यांच्या पत्रिकेत असावा. गेल्या वर्षी तो आमच्या पत्रिकेत निघाला. वकिलीच्या धंद्यात आम्ही पुष्कळ जंगम मिळकतींच्या वाटण्या करून दिल्या आहेत. दागिने, भांडी, बैल, एकदा तर एक हार्मोनियम. त्या सर्व वस्तू कोणाला तरी हव्या होत्या, म्हणून तंटा होता. जी वस्तू कोणालाच नको आणि तरी टाकून देववत नाही, तिचे काय करावे हे कायद्याच्या पुस्तकांत सांगितलेले नाही.

आमचे घर उज्जैनच्या माधवनगरात आहे. जुने उज्जैन क्षिप्रेच्या बाजूला, महाकालाच्या भोवती दाटलेले. माधवनगर आगगाडीच्या रुळांच्या या अंगाला, मागाहून आखलेले, म्हणून रस्ते सरळ आणि घरांपुढे थोडी मोकळी जागा. बाजारात फ्रीगंज हेच नाव अधिक चालते. ज्या माधवराव शिंद्यांचे नाव या वस्तीने धारण केले आहे, ते यंत्रांचे मोठे शौकीन होते. मेजवानीच्या टेबलावरून पाहुण्यांपुढे पानपात्रे फिरवणारी त्यांची चांदीची आगगाडी ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात आजही पाहावयास मिळते. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची कसोटी झाली; घाटामागून घाट चढून जी रोल्स-रॉईस तीत यशस्वी ठरली, ती याच महाराजांनी विकत घेतली. ‘पूर्वेचा मोती’ असे तिचे नाव होते. आणि सवाई जयसिंगांनी उज्जैनात बांधलेली वेधशाळा मोडकळीस आली होती, ती १९२३ साली त्यांनीच दुरुस्त करविली. तिथले सम्राटयंत्र आज पुन्हा आपले काम करीत आहे. मोडक्या यंत्राला नुसते पाहण्याची वस्तू न करता कामाला जुंपावे, ही बुद्धी ज्या राजाला होती त्याच्याच नावाच्या पेठेत आमचे इंजिन पन्नासांहून अधिक वर्षे निरुद्योगी बसून होते, एवढे सांगण्यापुरताच हा इतिहास.

आमचे आजोबाही वकील. त्यांनी १९५६ साली लँडमास्टर मोटार घेतली. बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५४ पासून ही गाडी निघू लागली होती. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा तो देशी अवतार. आणि पुढे २०१४ सालापर्यंत मंत्र्यांपासून वरातीतल्या नवरदेवापर्यंत सर्वांना जिने वाहून नेले, त्या अँबॅसडरची ती थोरली बहीण. तिचे इंजिन १४७६ घनसेंटिमीटरचे, साइड-व्हॉल्व्ह जातीचे. या जातीत झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नसतात, बाजूला असतात. वरचे हेड म्हणजे केवळ एक जाड झाकण. अशा इंजिनाची शक्ती बेताची आणि पेट्रोलची भूक दांडगी. पण स्वभाव गरीब. पाना धरता येणाऱ्या कोणाही माणसाला ते आपले दुखणे सांगते. १९५९ साली अँबॅसडरला १४८९ घनसेंटिमीटरचे, डोक्यावर झडपा असलेले, अधिक जोमदार इंजिन आले. इंदूरच्या एका हौशी मालकाने आपल्या गाडीतले जुने उतरवून ते नवे बसवून घेतले, आणि उतरलेले जुने आजोबांनी उचलले. त्यांच्या रोजकीर्दीत १९६१ च्या फेब्रुवारीत नोंद आहे: ‘मोटारीचे जादा इंजिन रु. ४००, हमाली रु. ३’. आजोबा खर्चाच्या नोंदीपुढे कारण लिहीत असत. नारळापुढेही ‘सत्यनारायण’ असे लिहीत. या नोंदीपुढे मात्र जागा कोरी आहे.

ही नोंद पुढे आमच्या फार उपयोगी पडली. कारण ज्याच्या मागे कागद नाही असे इंजिन कायद्याच्या नजरेत चोरीचे ठरावयास वेळ लागत नाही.

पेट्रोलचे भाव भडकल्यावर १९७४ साली गाडी विकली गेली, तिच्या स्वतःच्या इंजिनासह. जादा इंजिन मोटारखान्यात लाकडी घडवंचीवर, ताडपत्रीखाली राहिले. दर खंडेनवमीला ताडपत्री निघे. आजोबा स्वतः त्याला तेल देत, पुसत, पुढच्या तोंडाला हँडल लावून दोन फेरे फिरवीत, मग हळदकुंकू आणि झेंडूची माळ. आमच्या बालपणी आम्हास वाटे की हे एखाद्या देवाचे लोखंडी रूप असावे. १९८७ साली आजोबा गेले. माळ चालू राहिली. हँडल फिरवण्याचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. कर्मकांड टिकते आणि त्यातले कर्म तेवढे गळते, असे पुष्कळ ठिकाणी होते, तसे आमच्या घरीही झाले.

गेल्या पावसाळ्यात मोटारखान्याची मागची भिंत कलली. ती पाडावयाची हे ठरले, तेव्हा इंजिनाचा प्रश्न उभा राहिला. आता इंजिन ही जंगम मिळकत, आजोबांची स्वकष्टार्जित. तेव्हा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यात आमच्या आत्यांचा हिस्सा काकांच्या आणि आमच्या वडिलांच्या हिश्श्याच्या बरोबरीचा. काका पुण्याला असतात. त्यांनी दूरध्वनीवरून आपला तृतीयांश आमच्या स्वाधीन केला आणि वर असेही सांगितले, की लोखंडाचा भाव काढून ठेव. आत्या आमच्याचकडे, मागच्या खोलीत असतात. अठ्ठ्याहत्तर वर्षे वय, कान शाबूत, मत त्याहून शाबूत. त्यांनी संमती दिली नाही आणि नकारही दिला नाही. “आधी स्थळे तर सांग,” एवढेच म्हणाल्या.

पहिला आला तो कबाडी. त्याने इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. खाली वाकून घडवंची किती मजबूत आहे ते पाहिले आणि वजनाचा अंदाज सांगितला. त्याचा व्यवहार स्वच्छ होता, त्याला आम्ही दोष देत नाही. बीड वितळते आणि त्याच्या गटारावरच्या जाळ्या होतात. त्याही समाजाला हव्याच असतात.

दुसरे स्थळ एका उपाहारगृहाच्या तरुण मालकाचे. त्याला इंजिन चकचकीत रंगवून, वर जाड काच ठेवून, दाराशी टेबल करावयाचे होते. आजकाल अशी टेबले मोठ्या शहरांतून दिसतात. ज्या सिलिंडरांत कधी काळी स्फोट होत, त्यांच्या डोक्यावर थंड कॉफीचे पेले ठेवावेत यात काही तरी विनोद असेल. आम्हास तो उमगला नाही.

तिसरे स्थळ सर्वांत प्रतिष्ठित. एका तंत्रशिक्षणसंस्थेतले अध्यापक स्वतः आले, ताडपत्री दूर करून अर्धा तास पाहत राहिले, आणि म्हणाले की साइड-व्हॉल्व्ह इंजिन आमच्या मुलांनी केवळ पुस्तकातल्या आकृतीत पाहिले आहे. ते इंजिन उभे छेदून, आतले भाग निरनिराळ्या रंगांनी रंगवून, काचेच्या कपाटात ठेवणार होते. खाली आजोबांच्या नावाची पाटी. आमच्या मनाने जवळजवळ होकार दिला. विद्यादान, आजोबांचे नाव, आणि घरापासून वीस मिनिटांची वाट. मुलगी गावातच दिल्यासारखे.

चौथे स्थळ अवचित आले. इंदूरच्या जुन्या मोटारींच्या एका षोकिनाकडून कळल्यावर गोव्याहून, फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षकांचा दूरध्वनी आला. त्यांचे मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होते. पण मुद्द्यावर आले की ते कोंकणीत शिरत. “गाडी आसा, पूण तिचो जीव ना,” ते म्हणाले. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. त्याआधी तिथल्या रस्त्यांवर बहुतेक युरोपातून आलेल्या गाड्या. मुक्तीनंतर त्यांच्या वडिलांनी बेळगावहून एक जुनी लँडमास्टर आणली आणि तिच्यावर टॅक्सीचा धंदा करून चार मुले शिकवली. पुढे पेट्रोल परवडेना, म्हणून तिचे मूळ इंजिन काढून डिझेलचे बसवले. मूळचे मोडीत गेले. गाडी अजून चालते, पण तिचा आवाज ट्रॅक्टरचा येतो. वडील गेल्यापासून या गृहस्थांना एकच ध्यास: गाडीला तिचा आवाज परत द्यावा. आमच्या इंजिनाविषयी त्यांनी एकच प्रश्न विचारला. वजन नाही, किंमत नाही. “घुंवता मू?”

फिरते का? आम्हास ठाऊक नव्हते. अडतीस वर्षांत कोणी फिरवून पाहिले नव्हते.

येथे थोडे विषयांतर होईल, पण उज्जैनकरांचे गोमंतकाशी नाते जुने आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर, ज्यांनी अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ पुन्हा उभे केले, ते सारस्वत. महादजींच्या फौजांचे सेनानी जिवबादादा बक्षी मूळचे गोव्यातील केरीचे. त्या काळी समुद्रकाठची माणसे घोड्यावर बसून माळव्यात आली. त्या मोबदल्यात माळव्याने एक इंजिन पाठवले तर फार उदारपणा केला असे कोणी म्हणणार नाही.

गोव्याच्या स्थळाला कायद्याची एक बाजू होती आणि ती आम्हास विशेष पटली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतला असा फेरफार नोंदणी-अधिकाऱ्याच्या दप्तरी जावा लागतो. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनी जुन्या गाड्यांसाठी निराळी नोंदणी आली: पन्नास वर्षांहून अधिक वयाची, मूळ रूपात राखलेली, जिच्या चॅसिस, सांगाडा वा इंजिनात मोठा बदल झालेला नाही, अशी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. (मोटारींचे जाणते लोक १९१९ ते १९३० पर्यंतच्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात, आमचे सरकार वयाच्या बाबतीत अधिक दयाळू आहे.) अशा गाडीला रोजच्या ये-जेची किंवा धंद्याची मुभा नाही, पण भंगारातून तिची सुटका होते. डिझेलचे इंजिन पोटात घेतलेली लँडमास्टर या व्याख्येत बसत नाही. त्याच जातीचे इंजिन परत बसवणे हा बदल नव्हे, बदलाचे निवारण होय, असा युक्तिवाद आम्ही त्या गृहस्थांना फुकट लिहून दिला. तो मान्य होईल असे आमचे मत आहे, निर्णय अधिकाऱ्यांचा.

संध्याकाळी आम्ही चारही स्थळे आत्यांपुढे मांडली. कबाडी आणि टेबल यांवर त्यांनी मान हलवली. संस्थेचे नाव ऐकून बऱ्या बसल्या. आम्ही छेद घेण्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “कापणार? मग ते फिरायचे कसे?”

“ते फिरवावयाचे नाही, आत्या. मुलांना आतले दिसावे म्हणून.”

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते आमच्या घरात आम्ही कधी ऐकले नव्हते.

आमच्या वडिलांच्या पाठचा एक भाऊ होता, चार वर्षांचा. त्याचे छायाचित्र देवघराच्या भिंतीवर आहे. तो लहानपणीच गेला एवढेच आम्हास माहीत. १९६० च्या श्रावणात त्याला घटसर्प झाला. रात्री अडीचच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, घसा मिटत चालला आहे, ताबडतोब इंदूरला न्या. लँडमास्टर मोटारखान्यात उभी होती. पण तिचे इंजिन सिलिंडर बोअर करण्यासाठी उतरवून तीन दिवसांपूर्वी कारखान्यात गेले होते. आत्या तेव्हा बारा वर्षांच्या. त्या मागच्या खिडकीत उभ्या होत्या. आजोबा कंदील घेऊन मोटारखान्यात गेले आणि त्यांनी गाडीचे बॉनेट उघडले. आत काही नाही हे त्यांना ठाऊक होते, तरी उघडले; आणि कंदील धरून तसेच उभे राहिले. शेजारच्या व्यापाऱ्याची गाडी होती, पण तिचा ड्रायव्हर शहरात राहत असे. त्याला शोधून आणीपर्यंत पाच वाजले. इंदूर पंचावन्न किलोमीटर. सांवेर मागे पडल्यावर थोड्याच वेळात आजीने गाडी थांबवावयास सांगितले.

“फेब्रुवारीत हे आले,” आत्या म्हणाल्या. “नाना म्हणाले, आता गाडी एक रात्रही रिकामी राहणार नाही. आणि बघ, त्यानंतर गाडीचे इंजिन उतरवायची पाळी कधी आलीच नाही.”

तेरा वर्षे ते इंजिन गाडीशेजारी तयार उभे होते, आणि गाडीने त्याला एकदाही हाक मारली नाही. रोजकीर्दीतली ती कोरी जागा आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून पाहिली. तीत काही लिहिलेले असते तर आम्ही ते वाचू शकलो असतो की नाही, सांगता येत नाही.

इंजिन फिरते का, हा प्रश्न आता केवळ गोव्याचा राहिला नव्हता. बुधवारियाकडून एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी चारही स्पार्क प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि तेल यांचे मिश्रण ओतले, आणि आम्ही हँडलला हात घालताच ओरडले. जाम झालेल्या इंजिनावर जोर केला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात. त्याला भिजू द्यावे लागते. आठ दिवस ते रोज सायंकाळी येत, थोडे ओतीत, लाकडी हातोडीने इकडे तिकडे हलकेच ठोकून ऐकत, आणि चहा घेऊन जात. आत्या पडवीत खुर्ची टाकून बसत. नवव्या दिवशी मिस्त्रींनी हँडल अंगठा बाहेर ठेवून धरले (आत धरला तर उलट झटक्याने मनगट मोडते) आणि अगदी सावकाश रेटले. आधी काही नाही. मग पाव फेरा. मग उलट पाव फेरा. अर्ध्या तासाने पुरा फेरा झाला आणि प्लगच्या भोकांतून काळे तेल फसफसत वर आले. “वकीलसाब, नीयत साफ है इसकी,” मिस्त्री म्हणाले. पुढे हेड उतरवून त्यांनी सिलिंडर पाहिले. दुसऱ्यात गंजाचे एक वलय होते, ते घासून निघण्यासारखे, झडपा शाबूत. एकदाही न वापरलेली ती वर्षे त्या लोखंडाच्या पथ्यावर पडली होती.

आत्यांनी गोव्याला होकार दिला, परंतु एक अट घातली. लग्नाच्या बैठकीत वधूपक्षाने घालावी तशी ती अट होती आणि आम्ही ती तशीच दूरध्वनीवर कळवली: हे इंजिन संपूर्ण दुरुस्त होऊन, बाहेर ठेवून सुरू करून पाहिल्याखेरीज डिझेलचे उतरवावयाचे नाही, आणि उतरवले की त्याच दिवशी हे चढले पाहिजे. मधे रात्र जाता कामा नये. कारण आम्ही सांगितले नाही. पलीकडून थोडा वेळ शब्द आला नाही. मग ते म्हणाले, “तांकां सांगात, हांव गाडी एक रात लेगीत रिती दवरचो ना.” या वाक्याचे भाषांतर आत्यांना लागले नाही.

राहिला देण्याघेण्याचा प्रश्न. विकावयाचे नाही हे ठरले होते. दानाचा कायदा सोपा आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात कलम १२२ दानाची व्याख्या करते आणि कलम १२३ सांगते की जंगम वस्तूचे दान नुसत्या ताबा देण्यानेही पुरे होते. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत हा लोकन्यायही दात्याच्या बाजूचा. पण फोंड्याचे गृहस्थ फुकट घेईनात. शेवटी सव्वा रुपयावर तडजोड निघाली, आणि येथे आमच्यातला वकील जागा झाला: मोबदला कितीही अल्प असला तरी तो मोबदलाच, आणि सव्वा रुपयात ही विक्री ठरली तर मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी आमच्या शिरावर येते! सव्वा रुपया परत केला. त्यांच्या परसातले पन्नास नारळ आणि आमसुलांची एक पिशवी ‘आहेर’ म्हणून स्वीकारली. आहेराला मोबदला म्हणण्याची आजवर कोणत्या न्यायालयाची छाती झाल्याचे आम्हास माहीत नाही.

काकांना लोखंडाच्या भावाऐवजी दहा नारळ पाठवले.

सुताराने सागाच्या फळ्यांची पेटी केली; तळाशी भाताचा पेंढा, भोवती जुन्या गोधड्या. दानपत्रावर आम्ही, आत्या आणि काकांचा मुखत्यार म्हणून पुन्हा आम्ही, अशा तीन सह्या झाल्या. रोजकीर्दीतल्या नोंदीची प्रत जोडली, इंजिनाचा नंबर कोळशाने कागदावर घासून उतरवून घेतला. ट्रक सकाळी यावयाचा तो दुपारी आला. पेटीचे झाकण ठोकण्याआधी आत्यांनी हळदकुंकू लावले आणि मिस्त्रींना हँडल फिरवावयास सांगितले. त्यांनी दोन फेरे फिरवले.

दुरुस्तीला फोंड्यास चार महिने लागले. रिंगा आणि गॅस्केटे कोलकात्याहून मिळवावी लागली. कार्बोरेटर कोल्हापूरच्या एका कारागिराने पुन्हा घडवला. फाल्गुनात एका रविवारी रात्री आठ वाजता दूरध्वनी आला. आम्ही तो मागच्या खोलीत नेला. गृहस्थांनी आधी काही न बोलता गाडीच सुरू केली. साइड-व्हॉल्व्ह इंजिनाचा आवाज मऊ असतो, थोडा घशातून आल्यासारखा. आत्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग त्यांनी विचारले, डिझेलचे कधी उतरवले?

सकाळी नऊला, पलीकडून उत्तर आले. आणि हे साडेचारला चढले.

“साडेचारला म्हणजे उजेड होता,” आत्या म्हणाल्या, आणि दूरध्वनी आमच्या हाती दिला.